एकच दुष्काळ, एकच घर आणि दोन वेगळे धोके

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्यात १९७० ते २००७ या काळात झालेल्या आत्महत्या आणि त्याच काळातले दुष्काळ यांचा ताळेबंद चार संशोधकांनी मांडला. २०१२ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागातल्या ३० ते ४९ वयाच्या पुरुषांमध्ये दुष्काळाची तीव्रता वाढली की आत्महत्येचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. यात धक्का बसण्यासारखे काही नाही. मराठवाडा आणि विदर्भ पाहिलेल्या वाचकाला तर नाहीच. धक्का आहे तो दुसऱ्या निष्कर्षात. त्याच ग्रामीण भागातल्या तिशीपुढच्या स्त्रियांमध्ये दुष्काळ वाढत गेला तसा हा धोका कमी होत गेला.

म्हणजे छप्पर एक, कर्ज एक, कोरडे आभाळ एक. तरीही नवऱ्याचा आलेख वर जातो आणि बायकोचा खाली येतो. असा अभ्यास लोकसंख्येच्या आकड्यांवर बेतलेला असतो. त्यातून एखाद्या घरात काय घडेल हे सांगता येत नाही, आणि कारण तर मुळीच सिद्ध होत नाही. पण असा फरक दिसला की डॉक्टरने तिथे थांबून पाहायलाच हवे. दोघांपैकी एकाला जे वाचवते ते दुसऱ्यापर्यंत पोचवता येईल का, हा प्रश्न उपचाराचा आहे.

त्यासाठी एक जोडपे डोळ्यांसमोर आणू. त्यांना नाव देण्याचे कारण नाही, कारण हे कोणी एक जोडपे नव्हे. त्या भागातल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा भेटणारी माणसे एकत्र केली की जे चित्र उभे राहते, ते हे. नवरा ४६ वर्षांचा, बायको ४३ ची. न्यू साउथ वेल्सच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात गहू आणि मेंढ्यांची शेती. जमीन दीड हजार हेक्टर, म्हणजे जवळपास ३,७०० एकर. सर्वात जवळचा शेजारी काही किलोमीटरवर, छोटे गाव ५० किलोमीटरवर आणि मोठे रुग्णालय दीड-दोनशे किलोमीटरवर. मुलगा शहरातल्या वसतिगृहात, धाकटी मुलगी रोज शाळेच्या बसने जाणारी. शेताच्या दुसऱ्या टोकाला जुन्या घरात नवऱ्याचे वडील राहतात. पूर्वीच्या दुष्काळात आपण काय केले होते, ते रोज सांगतात.

साडेतीन हजार एकरांचा मालक गरीब कसा?

आपल्याकडच्या दोन-तीन एकरवाल्याला हे ऐकून हसू येईल. पण इथला पाऊस वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीपेक्षाही कमी, आणि तोही बेभरवशाचा. माती जुनी आणि निकस. ऑस्ट्रेलियात गव्हाचे सरासरी उत्पादन हेक्टरी दोन टनांच्या आसपास असते. पंजाबच्या शेतकऱ्याला तो दुष्काळच वाटेल. एवढ्या जमिनीवर पेरणी करायची तर कोट्यवधी रुपयांची यंत्रे लागतात आणि ती कर्जावरच येतात. सरकारी हमीभाव नाही. लोकरीला आधारभूत भाव देणारी योजना १९९१ साली कोसळली. गव्हाच्या निर्यातीची एकाच मंडळामार्फत विक्री करण्याची पद्धत २००८ मध्ये संपली. शेतीला सर्वात कमी सरकारी आधार देणाऱ्या श्रीमंत देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. त्यामुळे कागदावर जमिनीची किंमत मोठी आणि हातात रोकड नाही, अशी अवस्था होते. जमीन विकली तर कर्ज फिटते, पण तीन पिढ्यांचे नाव पुसले जाते. ते पुसणारा आपण ठरू, ही भीती अशा शेतकऱ्यांच्या बोलण्यात सतत येते.

२०१७ ते २०१९ ही सलग तीन वर्षे मरे-डार्लिंग खोऱ्यातली नोंदींमधली सर्वात कोरडी वर्षे ठरली. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यू साउथ वेल्सचा शंभर टक्के भाग दुष्काळग्रस्त जाहीर झाला. २०१९ हे साऱ्या देशासाठी सर्वात उष्ण आणि सर्वात कोरडे वर्ष होते. या काळातला नवऱ्याचा दिवस असा. पहाटे गाडीमागच्या गाड्यातून धान्याची धार जमिनीवर सोडत कुरणातून जायचे. मागून उपाशी मेंढ्या धावत येतात. मग पाण्याच्या कुंड्या तपासायच्या. शेततळी आटत आली की उरलेल्या पाण्याभोवती चिखल होतो. अशक्त मेंढ्या पाणी प्यायला जातात आणि त्या चिखलात रुततात. त्यांना एकेक करून ओढून काढायचे. काही पुन्हा उभ्या राहतात. ज्या राहत नाहीत त्यांना संपवावे लागते, आणि ते काम त्यालाच करावे लागते. चाऱ्याचा भाव दुपटीच्या पुढे गेलेला. दुसऱ्या राज्यांतून गवताचे गठ्ठे घेऊन ट्रकांच्या रांगा येतात तेव्हा गावकरी रस्त्याकडेला उभे राहून हात हलवतात. ते दृश्य मोठे हृद्य असते, पण ज्याच्या दारात ते फुकटचे गवत उतरते त्याला आत कुठेतरी लाजही वाटते.

अनेक पिढ्या जपलेला मेंढ्यांचा कळप निम्म्यावर आणताना कोणती मेंढी ठेवायची आणि कोणती कत्तलखान्याला पाठवायची, याचा निर्णय तोच घेतो. संध्याकाळी घरी आल्यावर त्यावर बोलत नाही.

तिचा दिवस वेगळा. सकाळी मुलीला बसपर्यंत सोडायचे आणि तसेच पुढे ५० किलोमीटर गाडी हाकत गावातल्या शाळेत मदतनीस म्हणून कामाला जायचे. हा पगार पूर्वी घरातल्या वरखर्चाला होता. आता त्यावर किराणा, वीज, वसतिगृहाची फी आणि कधी कधी मेंढ्यांचे धान्यही चालते. परतताना यंत्राचा सुटा भाग, औषधे आणि टपाल आणायचे. रात्री शेतीचे हिशेब, दर तिमाहीचे कराचे विवरण आणि सरकारी मदतीचे अर्ज. शिवाय शनिवार-रविवारी नवऱ्याबरोबर कुरणात. समाजकार्याच्या प्राध्यापक मार्गारेट आल्स्टन यांनी दुष्काळी भागांतल्या शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती वर्षानुवर्षे घेतल्या. शेती टिकवण्यासाठी स्त्रिया बाहेर नोकरीला जातात, त्यांच्यावर तिहेरी कामाचा भार पडतो आणि तरीही शेतकरी म्हणून त्यांची मोजदाद होत नाही, हे चित्र त्यांनी नीट नोंदवले आहे. मेलबर्नला शेतीतल्या स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती १९९४ साली. तोवर बहुतेकींची ओळख ‘शेतकऱ्याची बायको’ एवढीच होती.

काबाडकष्टांचा आणि ताणाचा हिशेब केला तर तिचा भार कमी नाही. कदाचित जास्तच आहे. मग धोका त्याचा का वाढतो?

‘नॉट टू बॅड’चा अर्थ

आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात ‘कसे आहात?’ विचारले की ‘चाललंय’ असे उत्तर येते. ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याचे ‘चाललंय’ म्हणजे ‘नॉट टू बॅड’. त्याचा अर्थ ‘उत्तम’पासून ‘आता सहन होत नाही’पर्यंत काहीही असू शकतो. ग्रामीण ऑस्ट्रेलियात परदेशात शिकलेले डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत भारतातून गेलेलेही पुष्कळ. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळवायचे तर अशा डॉक्टरांना साधारण दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावे लागते, असा नियम नव्वदच्या दशकापासून आहे. म्हणून नागपूर किंवा हैदराबादला शिकलेला डॉक्टर गव्हाच्या कोठारांच्या गावात या माणसाच्या समोर बसलेला असू शकतो. त्या डॉक्टरला तिथे गेल्यावर लवकर शिकायचे असते ते हे ‘नॉट टू बॅड’.

असा रुग्ण ‘मन उदास आहे’ म्हणत येत नाही. तो कंबर धरली म्हणून येतो, हात कापला म्हणून येतो, झोपेची गोळी मागतो किंवा बायकोने पाठवले म्हणून येतो. नैराश्य पुरुषांमध्ये पुष्कळदा चिडचिड, दारू आणि शरीराचे दुखणे अशा वेशात येते. दीर्घकाळ ताण राहिला की शरीरातली कॉर्टिसोलची दैनंदिन लय बिघडते, झोप तुटते, पहाटे तीनला जाग येते आणि मग कर्जाचे आकडे डोक्यात फिरू लागतात. झोप नसली की रक्तदाब आणि साखर दोन्ही वर सरकतात. लक्ष विचलित होते. शेतावर त्याचा अर्थ सरळ आहे: यंत्रात हात जातो किंवा चार चाकांची शेतमोटारसायकल उताराला उलटते. ‘क्वाड बाइक’ म्हणतात ती हीच. ऑस्ट्रेलियातल्या शेतांवरील अपघाती मृत्यूंमध्ये या गाडीचा वाटा इतका मोठा, की ऑक्टोबर २०२१ पासून उलटल्यावर चालकाला वाचवणाऱ्या संरक्षक चौकटीशिवाय ती विकायला बंदी झाली. त्या मृत्यूंपैकी कितींच्या मागे तुटलेली झोप होती, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिले जात नाही.

इथे एक वैद्यकीय सावधगिरीही सांगायला हवी. मेंढ्या-गुरांत वावरणारा शेतकरी महिनोन्महिने थकलेला असेल तर दर वेळी ते नैराश्यच असते असे नाही. क्यू फीव्हर नावाचा जिवाणूजन्य आजार जनावरांच्या वारेतून, लघवीतून आणि पुढे धुळीतून माणसाच्या श्वासात जातो. १९३५ साली ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांमध्ये एडवर्ड डेरिक यांनी तो पहिल्यांदा ओळखला. कारण कळेना म्हणून ‘क्वेरी’ या शब्दाचे आद्याक्षर त्याला दिले, आणि तेच नाव राहिले. ताप जातो, पण काहींना त्यानंतर दीर्घकाळ अतोनात थकवा राहतो. त्यावरची लस ऑस्ट्रेलियात १९८९ पासून आहे. ती देण्यापूर्वी रक्ताची आणि त्वचेची चाचणी करावी लागते, म्हणजे डॉक्टरकडे दोन खेपा, आणि प्रत्येक खेप शंभर किलोमीटरची. त्यामुळे ‘पुढच्या वेळी बघू’ होते. दुष्काळात धूळ उडते तेव्हा ही पुढची वेळ महाग पडू शकते.

ताण आणि नैराश्य मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियात के-१० नावाची साधी प्रश्नावली सर्रास वापरतात. गेल्या चार आठवड्यांत कारण नसताना थकल्यासारखे किती वेळा वाटले, अस्वस्थ किती वेळा वाटले, आशा उरली नाही असे किती वेळा वाटले, प्रत्येक गोष्ट ओझे झाली का, असे दहा प्रश्न. गुण १० ते ५० च्या दरम्यान येतात. दोन मिनिटांचे काम आहे. पण ते करायला माणूस डॉक्टरसमोर बसलेला हवा, आणि खरी अडचण तीच आहे.

नैराश्यात विचारांची वाट अरुंद होत जाते. निरोगी माणसाला कर्जाच्या प्रश्नाला चार उत्तरे दिसतात: थोडी जमीन विकू, बँकेशी बोलू, नोकरी धरू, भावाला विचारू. आजारी मनाला हळूहळू एकच दिसू लागते. त्यातून शेतकऱ्याचे काम, घर, वारसा आणि स्वतःची किंमत या चारही गोष्टी त्याच एका कुंपणाच्या आत असतील, तर ते कुंपण कोसळताना त्याच्या हाती काही उरत नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात न्यू साउथ वेल्सच्या ६६४ शेतकऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात दुष्काळाचा वैयक्तिक ताण ज्यांना अधिक होता त्यांत पस्तिशीच्या आतले, आर्थिक ओढाताण असलेले, दूरच्या भागात राहणारे आणि जे शेतावरच राहतात व शेतावरच काम करतात असे लोक ठळकपणे दिसले. यातला शेवटचा गट महत्त्वाचा आहे. आपल्या जोडप्यातला तो त्या गटात बसतो आणि ती बसत नाही.

तिच्या वाटा

तिच्या पायाखाली रोजची ५० किलोमीटरची वाट आहे. तिला दमवणारी हीच वाट बहुधा तिचे रक्षणही करते. शाळेत गेल्यावर आठ तास ती दुष्काळाच्या बाहेर असते. कोणाची तरी मुले वाचायला शिकत असतात आणि पगार महिन्याच्या महिन्याला येतो. शिक्षकांच्या खोलीत ‘काल रात्री तो पुन्हा झोपला नाही’ असे एखादीशी बोलता येते. बोलल्याने पाऊस पडत नाही, पण रात्र एकटीची राहत नाही.

ही वाट आजची नाही. १९२८ मध्ये जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने क्वीन्सलँडमधील क्लोनकरी इथून विमानातून डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली. तीच पुढे ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ झाली. पण विमान बोलवायचे कसे? दूरच्या शेतांवर वीजही नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ मध्ये सायकलसारखे पेडल मारून चालणारा रेडिओ संच बनवला. शेतावर औषधांची पेटी ठेवलेली असे. पुढे १९४२ पासून त्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक दिला गेला, म्हणजे डॉक्टरने रेडिओवरून ‘अमुक क्रमांकाची गोळी द्या’ एवढेच सांगायचे. हा रेडिओ अनेक घरांत बाईच्या ताब्यात होता. डॉक्टरांची वेळ संपली की बायका त्याच लहरींवर एकमेकींशी बोलत. त्या बैठकीला ‘गलाह सेशन’ म्हणत, कारण गलाह नावाचे गुलाबी-राखाडी काकाकुवे थव्याने कलकलाट करतात. नाव थट्टेचे आहे. मात्र मानसिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर शेकडो किलोमीटरच्या एकांतावरचा तो रोजचा उपचार होता, आणि पुरुष त्या वेळी कुरणात होते.

१९२२ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये ‘कंट्री विमेन्स असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या केक-बिस्किटांची चेष्टा होते, पण बाळंतिणींसाठी आणि तान्ह्या मुलांसाठी ग्रामीण भागात दवाखाने उभे करण्यात याच बायका पुढे होत्या. २०१८ च्या दुष्काळात घरांची थकलेली बिले भरायला मदत पोचवण्यातही त्या होत्या. मदत मागणे त्यांच्यात कमीपणाचे मानले जात नाही, कारण आज मागणारी उद्या देणाऱ्यांच्या रांगेत असते.

सरकारी मदतीचीही अशीच गोष्ट आहे. २०१४ पासून अडचणीतल्या शेतकरी कुटुंबांना ‘फार्म हाउसहोल्ड अलाउन्स’ नावाचा निर्वाह भत्ता मिळतो. पती आणि पत्नी दोघांनाही तो स्वतंत्रपणे मिळू शकतो. दहा वर्षांत जास्तीत जास्त चार वर्षे. अर्ज इतके किचकट होते की त्यांचा आढावा घ्यायला २०१८ मध्ये समिती नेमावी लागली. आपल्या जोडप्यातला नवरा ‘आपण बेकारी भत्त्यावर जगणारी माणसे नव्हेत’ म्हणत दीड वर्ष थांबला. अर्ज भरला तो तिने, शाळेतून आणलेल्या कागदांवर, रात्री अकराला. त्याने फक्त सही केली. ग्रामीण भागात मोफत आर्थिक सल्ला देणारे समुपदेशकही असतात. बँकेसमोर बसण्याआधी त्यांच्यासमोर बसलेला माणूस पुष्कळदा पहिल्यांदाच सगळी कर्जे एका कागदावर पाहतो. एखाद्या मानसोपचाराइतकाच त्याचा उपयोग होतो, असे म्हणायला हरकत नाही.

वंगण, धुराडे आणि शॉक अब्सॉर्बर

तो दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना त्याच्याकडे जावा, हे तिथल्या आरोग्यसेवेला हळूहळू उमगले. पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘पिट स्टॉप’ नावाचा एक कार्यक्रम निघाला. शेतकी प्रदर्शनात पुरुषांची तपासणी गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी करायची. कमरेचा घेर म्हणजे सांगाडा, रक्तदाब म्हणजे तेलाचा दाब, सिगारेट म्हणजे धुराडे, दारू म्हणजे इंधनातली भेसळ आणि मनाचा ताण म्हणजे शॉक अब्सॉर्बर. पोरकट वाटेल, पण जो माणूस ‘तुम्हाला उदास वाटते का’ या प्रश्नावर उठून गेला असता, तो ‘शॉक अब्सॉर्बर तपासून घ्या’ म्हटल्यावर हसत खुर्चीत बसतो. न्यू साउथ वेल्समध्ये २००७ साली दुष्काळामुळेच सुरू झालेल्या ग्रामीण मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे कार्यकर्ते जनावरांच्या बाजारात आणि मेळाव्यांत जाऊन उभे राहतात. त्यांनी काढलेली एक पुस्तिका गाडीच्या पुढच्या खणात ठेवण्यासाठी आहे. घरातल्या कपाटात ती सर्वांना दिसली असती. गाडीत तो एकटा असतो.

व्हिक्टोरिया राज्यातल्या हॅमिल्टन गावच्या रुग्णालयाने २००३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. ‘सस्टेनेबल फार्म फॅमिलीज’ या त्यांच्या कार्यक्रमात शेतीत एकत्र राबणारी स्त्री आणि पुरुष दोघेही येतात. वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्ट्रॉल मोजायचे, मग शेताच्या नफ्या-तोट्यासारखेच शरीराच्या ताळेबंदावर बोलायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे. सुरुवातीला ज्यांचे आकडे धोक्याच्या पातळीवर होते त्यांच्यात ते सुधारल्याचे दिसले. सू ब्रंबी या परिचारिका-संशोधकाच्या या कामातून २००८ मध्ये तिथे शेतकरी आरोग्याचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. यातली खरी हुशारी दोघांना एकत्र बोलावण्यात आहे. ‘झोप कशी आहे?’ या प्रश्नाला तो ‘बरी’ म्हणतो तेव्हा शेजारच्या खुर्चीतून ती ‘पहाटे तीनपासून ओट्यावर बसलेले असतात’ असे सांगू शकते. रक्ताच्या कोणत्याही तपासणीत ही माहिती येत नाही.

आपल्याकडेही याच तत्त्वावर काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलत आणि समुपदेशन करत. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. नंतरच्या पाहणीत ते प्रमाण २७.२ टक्के झाले. गव्हाच्या पट्ट्यात आणि कापसाच्या पट्ट्यात जमीन, कर्ज, कायदा सारेच वेगळे आहे. माणूस दवाखान्याच्या पायरीशी अडतो, हे मात्र दोन्हीकडे सारखे.

घरच्या माणसाने कशाकडे लक्ष द्यायचे? झोप आणि भूक उडणे, दारू वाढणे, मित्रांचे फोन न घेणे, जिवापाड जपलेला कुत्रा किंवा हत्यारे-अवजारे कोणाला तरी देऊन टाकणे, कागदपत्रांची अचानक आवराआवर करणे, ‘माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल’ असे बोलणे. बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला, तर ते नेहमीच सुधारल्याचे लक्षण नसते. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बरेच जण कोणीतरी विचारले म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. त्याला एकटे सोडू नये आणि इजा करू शकेल अशी वस्तू हाताशी राहू देऊ नये. ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ या क्रमांकावर ‘लाइफलाइन’ आहे. आपल्याकडे १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची मोफत सेवा चोवीस तास मिळते, मराठीतही मिळते.

२०२० च्या सुरुवातीला पाऊस आला. त्या वर्षीचे गव्हाचे पीक न्यू साउथ वेल्समध्ये विक्रमी झाले. बातम्यांत दुष्काळ संपला, पण घरात इतक्या लवकर संपत नाही. कळप पुन्हा उभा करायला मेंढ्या घ्यायच्या तर साऱ्यांनाच हव्या असल्याने भाव चढलेले, आणि तीन वर्षांचे व्याज उभेच. २०२१ मध्ये उंदरांची लाट आली. साठवलेले गवत, धान्य आणि घरातले विजेचे तार त्यांनी कुरतडले; रात्री अंथरुणावरून उंदीर पळत. २०२२ मध्ये त्याच मध्य-पश्चिम पट्ट्यात महापूर आले. संकट संपल्यावर मन सैल होते आणि थकवा तेव्हा बाहेर पडतो, हे डॉक्टरांना माहीत असते. म्हणून पाऊस पडल्यानंतरची तपासणी दुष्काळातल्या तपासणीइतकीच महत्त्वाची.

आणि ती? तिचा आलेख खाली आला म्हणजे ती निरोगी आहे असे नव्हे. आत्महत्येचा धोका कमी होणे हे आरोग्याचे एकच माप झाले. नवऱ्याची गोळी संपण्याआधी आणणारी बाई स्वतःचा रक्तदाब दोन-दोन वर्षे मोजत नाही. ऑस्ट्रेलियात चाळिशीपुढच्या स्त्रियांना स्तनांच्या कर्करोगाची मॅमोग्राफी तपासणी मोफत आहे, आणि ती करणारी गाडी छोट्या गावांत साधारण दोन वर्षांतून एकदा येते. पहिल्यांदा ती गाडी आली तेव्हा ही शेततळ्याच्या चिखलात मेंढ्या ओढत होती. पुढच्या वेळी पुराने रस्ता बंद होता. आता तिच्या फोनमध्ये नवी तारीख आहे, आणि या वेळी ती नवऱ्याने नोंदवून घेतली आहे.